यंत्र शिकते आहे. आपण काय शिकायचे?

बारावीचा निकाल लागला की जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांतील चौकांचे रूप पालटते. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक उतरतात आणि अभ्यासक्रमांचे चढतात. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी हे फलक डी.एड.चे असत; त्यानंतर अभियांत्रिकीचे आले, मग संगणकाचे, आणि आता जिकडेतिकडे ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे शब्द दिसतात. सहा महिन्यांत, कधी तीनच महिन्यांत भविष्याची हमी देणारे हे अभ्यासक्रम नेमके काय शिकवतात, हे फलकावर लिहिलेले नसते. शुल्क मात्र चौकशीला गेल्यावर लगेच कळते. शिक्षक, बँक कर्मचारी, छोटा दुकानदार, दहा-बारा एकरांचा बागायतदार अशा घरांतून ते भरले जाते आणि त्यासाठी बहुधा कुणाची तरी ठेव मोडलेली असते. म्हणूनच तंत्रज्ञानाच्या युगात कोणती कौशल्ये टिकतील हा प्रश्न खान्देशात तरी चर्चासत्रापुरता नाही. तो घराच्या शिलकीचा आणि मुलाच्या आयुष्यातील चार-पाच उमेदीच्या वर्षांचा प्रश्न आहे.

गेल्या तीन दशकांत या प्रश्नाचे एकच उत्तर ठरून गेले होते. संगणक शिकावा, पुणे गाठावे आणि जमल्यास पुढे परदेश. या उत्तराने अनेक घरांचे भले केले, हे नाकारण्याचे कारण नाही. या कथेचा एक उगम तर खान्देशातच आहे. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी अमळनेरला ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही वनस्पती तुपाची कंपनी स्थापन केली. १९६६ मध्ये त्यांच्या निधनानंतर पुत्र अझीम प्रेमजी अमेरिकेतील शिक्षण अर्ध्यावर सोडून परतले. जनता राजवटीच्या काळात आयबीएम ही बलाढ्य कंपनी भारतातून बाहेर पडली, तेव्हा निर्माण झालेल्या पोकळीत या तुपाच्या कंपनीने संगणकाच्या व्यवसायात पाऊल टाकले. तीच आजची विप्रो. अमळनेरच्या कित्येक घरांनी तिचे भाग पिढ्यान्पिढ्या जपले आणि त्यावर मुलांची शिक्षणे, मुलींची लग्ने पार पडली. मात्र संगणकाचा सारा व्याप बंगळुरूकडे वाढला. अमळनेरला तेला-साबणाचा कारखाना राहिला. लाभांश गावात आला, विद्या आली नाही. खान्देशाच्या गेल्या तीन दशकांतील शैक्षणिक धोरणाचे यापेक्षा नेमके चित्र सापडणे कठीण.

आता ते उत्तरही डळमळू लागले आहे. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या देशातील सर्वांत मोठ्या माहिती-तंत्रज्ञान कंपनीने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्यात मधल्या व वरच्या श्रेणीतील अनुभवी लोकांचा भरणा अधिक होता आणि कंपनीने दिलेले कारण कौशल्यांची जुळणी होत नसल्याचे होते. त्याच वर्षी दावोसच्या जागतिक आर्थिक मंचाने आपला अहवाल प्रसिद्ध केला. २०३० पर्यंत जगात १७ कोटी नव्या नोकऱ्या निर्माण होतील आणि ९ कोटी २० लाख जातील, असा त्याचा अंदाज आहे. मालकवर्गाने सर्वाधिक मागणी केली ती विश्लेषक विचारशक्तीची. त्याखालोखाल लवचिकपणा, नेतृत्व वगैरे. हा अंदाज मालकांना विचारून बांधलेला आहे आणि मालकांचे अंदाज दर पाच वर्षांनी बदलतात, हे ध्यानात ठेवून तो वाचावा. तरीही एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. ज्या कौशल्याचा अभ्यासक्रम तीन महिन्यांत विकता येतो, असे कोणतेही कौशल्य त्या यादीच्या अग्रभागी नाही. विश्लेषक विचारशक्ती फलकावर लिहिता येत नाही. ती कशी येते याचे उत्तर शोधायला दावोसला जाण्याचीही गरज नाही. चाळीसगावला उतरले तरी पुरे.

चाळीसगावपासून जवळच, डोंगराच्या कुशीत पाटणे हे गाव आहे. पाटणादेवीच्या दर्शनाला जाणाऱ्या हजारो भाविकांपैकी फार थोड्यांना तेथील शिलालेख ठाऊक असतो. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो विद्वानांसमोर आणला. लेख इ.स. १२०७ चा, यादव राजा सिंघण याच्या काळातील. ‘सिद्धान्तशिरोमणि’कार भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे म्हणून त्याने पाटण्यास मठ स्थापन केला आणि निकुंभ वंशातील स्थानिक राजाने त्याला दान दिले. लेखाचा अखेरचा भाग त्या काळच्या मराठीत आहे आणि तो विशेष महत्त्वाचा आहे. गणिताच्या या पाठशाळेचा खर्च कोण करणार, हे त्यात सांगितले आहे. पाटण्याच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरील राजाचा हक्क मठाकडे वळवला आणि तेलाच्या घाण्यांनाही त्यात वाटा लावून दिला. आठशे वर्षांपूर्वी खान्देशातील एका बाजारपेठेने गणिताच्या उच्च शिक्षणाचा भार उचलला होता! मेकॉलेने १८३५ मध्ये आपल्या विद्येला शून्य ठरवले, त्याच्या सहाशे वर्षांहून अधिक आधीची ही गोष्ट आहे.

अभिमान बाळगून थांबता आले असते, आणि बहुतेक वेळा आपण तेथेच थांबतो. पण त्या मठात काय शिकवले जात असेल हे पाहिले, तर आजच्या प्रश्नावर प्रकाश पडतो. ‘लीलावती’त व्याजाचे व्यवहार आहेत, मिश्रणाचे आहेत, खड्ड्याचे घनफळ काढण्याचा खातव्यवहार आहे, लाकूड करवतण्याच्या मजुरीचा क्रकचव्यवहार आहे, धान्याच्या ढिगाचे माप काढण्याचा राशिव्यवहार आहे, सावलीवरून उंची सांगणारा छायाव्यवहार आहे. सुतार, गवंडी, धान्याचा व्यापारी, सावकार या सर्वांच्या कामातून उदाहरणे उचलली आहेत. विद्यार्थ्याला दोन गोष्टी कराव्या लागत. समोर आलेल्या गोष्टीतील प्रश्न नेमका कोणता आहे हे ओळखायचे आणि आलेले उत्तर ताडून पाहायचे. मधली आकडेमोड हा त्या मानाने यांत्रिक भाग. आज तो मधला भाग यंत्राने घेतला आहे. उरलेले दोन्ही भाग माणसाकडे आहेत आणि नेमके तेच आपल्या शाळांनी सोडून दिले आहेत. आपले विद्यार्थी मार्गदर्शिकेतील नमुना उदाहरण पाठ करतात, म्हणजे जे काम यंत्र त्यांच्यापेक्षा सहस्रपट वेगाने करते त्याचाच दहा वर्षे सराव करतात. यंत्र चुकीचे उत्तरही बरोबर उत्तराइतक्याच ठामपणे देते. धान्याच्या ढिगाकडे पाहून ‘हे तीस क्विंटल नाही, तीनशे निघेल’ असे म्हणू शकणाऱ्या माणसालाच ती चूक दिसेल. जळगावच्या डाळ मिलमध्ये आणि दाणाबाजारात अशी माणसे आजही आहेत, त्यांतील अनेक दहावीच्या पुढे शिकलेली नाहीत.

गणिताइतकीच निकड वाचनाची आहे; येथे वाचन म्हणजे पुराव्याचे वाचन. त्यासाठी धुळ्याला जावे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने गोळा करण्यासाठी उभा महाराष्ट्र पायी तुडवला आणि २२ खंड प्रसिद्ध केले. त्यांचा देह ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात पडला. त्यांच्या मागे राहिलेल्या दफ्तरांसाठी १९२७ मध्ये तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. राजवाड्यांचे सारे काम एका कौशल्यावर आधारलेले होते. जुने मोडी कागद वाचणे, ते खरे की बनावट हे ओळखणे आणि जे कागदात नाही ते न म्हणणे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा दिसत नाही, शब्द तोडलेले नसतात, अक्षरे लेखकागणिक आणि शतकागणिक बदलतात. संदर्भ ठाऊक असल्याशिवाय ती लागत नाही. इंग्रजीत लिहून जगभर नाव मिळवता आले असते, तरी राजवाडे मराठीतच लिहीत राहिले. त्यामुळे त्यांचे जे नुकसान झाले ते झाले; मराठीचे झाले नाही.

मोडीचा विषय आता केवळ इतिहासप्रेमींचा राहिलेला नाही. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा जुनी दफ्तरे उघडली गेली आणि ती वाचणारे कोण, असा प्रश्न जिल्ह्याजिल्ह्यांत उभा राहिला. मोडी जाणकारांची शोधाशोध झाली. ज्या विद्येला पोट भरण्याच्या दृष्टीने निरुपयोगी ठरवून आपण सोडून दिले होते, तिच्यावाचून शासनाचे काम अडले. आणि २०२५ मध्ये आयआयटी रुरकीने पुण्यातील संस्थांच्या सहकार्याने मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली सादर केली. ‘आता मोडी शिकण्याची गरज संपली’ अशी प्रतिक्रिया काही ठिकाणी उमटलीही. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. त्या प्रणालीला शिकवण्यासाठी शिवकाल, पेशवेकाल आणि आंग्लकाल अशा तिन्ही कालखंडांतील दोन हजारांहून अधिक मोडी प्रतिमा गोळा कराव्या लागल्या आणि त्यांतील प्रत्येकीचे अचूक देवनागरी रूप मोडी जाणणाऱ्या माणसांनी दिलेले होते. यंत्र जे शिकले ते या माणसांकडून शिकले. महाराष्ट्रातील मोडी कागदांची संख्या कोट्यवधींच्या घरात सांगितली जाते. त्यापुढे दोन हजार म्हणजे काहीच नव्हे. धुळ्याचे, तंजावरचे, घराघरांतील पेट्यांमधील कागद यंत्राला वाचायला शिकवायचे असतील तर त्यासाठी शेकडो जाणकार लागतील, आणि यंत्राने वाचलेले तपासायला त्याहून अधिक.

हा केवळ रोजगाराचा मुद्दा नाही. उद्याची पिढी छत्रपतींविषयी, पेशव्यांविषयी, आपल्या गावाच्या देवस्थानाविषयी प्रश्न यंत्राला विचारणार आहे; नव्हे, आजच विचारते आहे. यंत्र जे वाचून शिकले तेच सांगते. त्याच्या वाचनात ग्रँट डफ आहे, वसाहतकाळातील गॅझेटिअर आहेत, परदेशी विद्यापीठांतील प्रबंध आहेत. आपले अस्सल कागद न वाचता पडून राहिले, तर आपल्याच इतिहासाची उत्तरे आपल्याला पुन्हा परक्यांच्या चष्म्यातून मिळतील, आणि या वेळी त्याबद्दल परक्यांना दोष देता येणार नाही. परदेशी कंपन्यांच्या नावाने बोटे मोडणे सोपे आहे. दफ्तर उघडून बसणे कष्टाचे आहे.

धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिर आहे. समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव या वकिलाने मठामठांतून हिंडून रामदासी बाडे जमवली, ‘दासबोधा’ची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली आणि हे भांडार उभे केले. ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचा आहे. अक्षर कसे असावे, ओळी कशा असाव्यात, कागद कसा राखावा, शाई-लेखणी कशी सिद्ध करावी इतका बारीक विचार एका राष्ट्रगुरूने ग्रंथात आणला. विषय अक्षराचा असला तरी अपेक्षा आहे ती काटेकोरपणाची. संगणकाला सूचना देताना एक स्वल्पविराम चुकला की काम बिघडते, हे या क्षेत्रातील प्रत्येकाला ठाऊक आहे. हस्ताक्षराचा आणि शुद्धलेखनाचा आग्रह धरणाऱ्या जुन्या मास्तरांची आपण पुष्कळ चेष्टा केली. यंत्राला मराठीत नेमका प्रश्न विचारायची वेळ आली, तेव्हा चार वाक्ये सरळ लिहिता न येणारी पदवीधर मुले मुलाखतींतून परत येत आहेत.

आता शेताकडे वळू. कारण खान्देशातील बहुसंख्य घरांचे भवितव्य अजूनही तेथेच ठरते. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातील केळीने गेल्या चार दशकांत जे स्थित्यंतर पाहिले तेवढे देशातील थोड्याच पिकांनी पाहिले असेल. वाकोदच्या भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये रॉकेलच्या व्यापारापासून सुरुवात केली, १९७८ मध्ये पपईच्या चिकापासून पपेन बनवण्याचा उद्योग उभारला, पुढे पाइप आणि ठिबक सिंचन यांत जळगावचे नाव जगभर नेले. ऊतिसंवर्धित रोपे आली, ‘जी-नाइन’ वाण आला, अठरा महिन्यांचे पीक वर्षभरात येऊ लागले. तांदलवाडीसारख्या गावाची केळी निर्यात होऊ लागली. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले.

या यशामागे नवे तंत्र आहे हे सर्वांना दिसते. त्यामागे हाताची आणि नजरेची किती नवी कौशल्ये शेतकऱ्याने आत्मसात केली, हे फारसे कुणी मोजत नाही. गाळणी केव्हा साफ करायची, नळ्यांत क्षार साचला तर आम्लप्रक्रिया किती द्यायची, विद्राव्य खत कोणत्या वयाला किती, केळफूल केव्हा मोडायचे, घडाला पिशवी केव्हा घालायची, पानावरचा पिवळा पट्टा अन्नद्रव्याच्या कमतरतेचा की कुकुंबर मोझॅक विषाणूचा. शेवटचा प्रश्न सर्वांत कठीण. विषाणू असेल तर झाड मुळासकट उपटून नष्ट करावे लागते, आणि एका चुकीच्या निदानाने एक तर निरोगी बाग जाते किंवा रोग शेजाऱ्याच्या शेतात पसरतो. आज भ्रमणध्वनीवर पानाचे छायाचित्र टाकले की निदान सांगणाऱ्या प्रणाली आल्या आहेत. राज्य शासनाने जून २०२५ मध्ये कृषिक्षेत्रासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे ‘महाअ‍ॅग्री-एआय’ धोरण मंजूर केले आणि त्यासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद ठेवली. धोरण स्वागतार्हच आहे. पण निदान यंत्राने सांगितले तरी झाड उपटण्याचा निर्णय शेतकऱ्याचा आणि तोटाही त्याचाच. ज्याला पान स्वतः वाचता येते तो यंत्राचा सल्ला तोलून घेईल. ज्याला येत नाही तो घाबरून मान्य करील, नाही तर घाबरून नाकारील.

विम्याचे उदाहरण अधिकच बोलके आहे. केळीचा विमा हवामानावर आधारित आहे. महसूल मंडळातील स्वयंचलित केंद्राने तापमान आणि वारा किती नोंदवला, ठरलेली मर्यादा किती दिवस ओलांडली गेली, यावर भरपाई ठरते. शेतात नुकसान दिसत असले आणि केंद्राच्या आकड्यात ते उमटले नाही, तर पैसा मिळत नाही. अशा वेळी गावात आंदोलन होते, निवेदने दिली जातात, पुढारी येऊन जातात. मात्र मंडळातील केंद्राची रोजची नोंद मिळवणे, ती शेजारच्या मंडळाशी ताडणे, केंद्र झाडाच्या आडोशाला किंवा इमारतीलगत तर बसवलेले नाही हे पाहणे, योजनेच्या शासननिर्णयातील अटी स्वतः वाचून हरकत मुदतीत लिहिणे, एवढे करणारा एक तरुण गावात असेल तर साऱ्या गावाचे काम होते. त्यासाठी लागणारे गणित आठवीचे आहे आणि मराठी दहावीचे. उद्या उपग्रहाचे चित्र सांगेल की या गटात केळी नव्हतीच. तेव्हाही लागणार आहे ते हेच. आकड्याला उत्तर आकड्यानेच द्यावे लागते, ही गोष्ट ग्रामीण भागातील कार्यकर्त्यांनी लवकर अंगी बाणवली पाहिजे. केवळ घोषणांनी यापुढे भागणारे नाही.

तापीच्या उत्तरेला शिरपूर तालुक्यात २००४ पासून जे जलसंधारणाचे काम झाले, त्याची देशभर चर्चा झाली. ज्येष्ठ भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर आणि आमदार अमरीश पटेल यांची नावे त्याच्याशी जोडली गेली. खानापूरकरांचे खरे काम जमिनीखाली होते. तापीकाठच्या गाळाच्या थरांत मधेच पिवळ्या मातीचा थर येतो आणि तो पाणी मुरू देत नाही, हे त्यांनी ओळखले. तो थर जेथे आडवा येतो तेथे नाले तेवढे खोल आणि रुंद केले. तालुक्याच्या दुसऱ्या भागात कठीण बेसाल्ट लागतो, तेथे उपाय वेगळा. पुढे ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून राज्यात त्याची नक्कल झाली. पोकलेन सगळीकडे पोचले, भूवैज्ञानिक सगळीकडे पोचला नाही. खालचा थर न पाहता केलेल्या खोलीकरणाचे परिणाम अनेक गावांनी पाहिले. यंत्र भाड्याने आणता येते, निरीक्षण भाड्याने मिळत नाही.

साक्री तालुक्यातील बारीपाड्याची गोष्ट या नियतकालिकाच्या वाचकांना नवी नाही. वनवासी कल्याण आश्रमाचे कार्यकर्ते चैत्राम पवार यांनी गावकऱ्यांच्या बळावर सुमारे ११०० एकर जंगल राखले आणि २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान, पावसाळ्यातील वनभाजी स्पर्धा या साऱ्याचे कौतुक पुष्कळ झाले. येथे प्रस्तुत आहे ती वेगळीच बाब. शेकडो रानभाज्या आणि त्यांचे गुणधर्म सांगणाऱ्या त्या वनवासी भगिनींचे ज्ञान कोणत्याही यंत्राच्या संग्रहात पूर्णपणे उतरलेले नाही. आणि शंभर घरांना एका नियमावर आणून तो नियम वर्षानुवर्षे पाळायला लावण्याचे कौशल्य तर कोणत्याही प्रणालीला साधणारे नाही. दावोसचा अहवाल त्याला नेतृत्व म्हणतो. आपल्याकडे त्याला संघटन म्हणतात आणि ते मैदानावर, बैठकीत, घरोघरच्या संपर्कातून येते.

भाषेचा मुद्दा राहतो. केंद्र शासनाने २०२२ मध्ये ‘भाषिणी’ सुरू केली, तीत अनुसूचित २२ भाषांना स्थान आहे. २०२५ मध्ये जनजातीय कार्य मंत्रालयाने ‘आदि वाणी’ आणली, तीत भिली आहे, गोंडी आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. अहिराणी मात्र यांतल्या कोणत्याही यादीत बसत नाही. धुळे-नंदुरबारकडची आजी यंत्राशी अहिराणीत बोलली तर यंत्र गोंधळते. बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांचे बोल सोपानदेवांनी लिहून ठेवले नसते आणि आचार्य अत्र्यांनी ते उचलून धरले नसते, तर १९५१ नंतर ते विरून गेले असते. २०१८ पासून खान्देशाचे विद्यापीठ त्यांच्या नावाने चालते. खान्देशच्या बोलींचे शब्द, म्हणी, शेतीतील संज्ञा उच्चारासह नोंदवण्याचे काम या विद्यापीठातील मुलांनी केले, तर तो आजच्या अर्थाने उच्च तंत्रज्ञानाचाच भाग ठरेल. बाहेरची कोणतीही कंपनी हे त्यांच्यासाठी करून देणार नाही, आणि करून दिले तर त्याची मालकी तिची असेल.

राहता राहिला यंत्राला विरोध करण्याचा मार्ग. दत्तोपंत ठेंगडी यांच्या मार्गदर्शनाखालील भारतीय मजदूर संघाने १९८४ हे वर्ष संगणकीकरणविरोधी वर्ष म्हणून पाळले होते. त्या भूमिकेची आज टिंगल होते. बेकारांच्या देशात माणसाचे काम काढून घेणारे यंत्र आधी कुणाच्या हितासाठी येते, हा दत्तोपंतांचा प्रश्न होता आणि तो आजही तसाच उभा आहे. यंत्र मात्र थांबले नाही, थांबणारही नाही. तेव्हा प्रश्न जिवंत ठेवून विद्या हस्तगत करणे, हेच हाती उरते. १७ सप्टेंबर २०२३ पासून सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, सोनार असे १८ पारंपरिक व्यवसाय घेतले आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावीपासून व्यवसायशिक्षणाची तरतूद केली. कागदावर हे सारे उत्तम आहे. मध्यमवर्गीय घरांत आयटीआयचे नाव काढले की आजही चेहरे पडतात, ही अडचण कोणत्याही योजनेने सुटणारी नाही. सौर पंप, ठिबकचे स्वयंचलित नियंत्रक, शीतगृहे, फवारणीचे ड्रोन यांची दुरुस्ती करणारा माणूस रावेर-शिरपूरला मिळत नाही, आणि त्याच तालुक्यांतील मुलगा पुण्याला दहा हजारांच्या नोकरीसाठी तीन मित्रांबरोबर एका खोलीत राहतो. त्या मुलाच्या वडिलांना समजावणे हे कुटुंब प्रबोधनाचेच काम आहे.

हे शासनाची वाट न पाहता करता येण्यासारखे आहे. जळगाव-धुळ्यात समाजाच्या बळावर उभ्या राहिलेल्या शाळा, सहकारी बँका, सेवा प्रकल्प आहेत. पाटण्याच्या बाजारपेठेने जे केले ते आजच्या सुवर्णनगरीला जड नाही. दोन सुट्यांत मिळून सहा आठवड्यांचे वर्ग चालवावेत. धुळ्याला मोडीचे आणि पुरावा वाचण्याचे. रावेर-यावलला हवामान केंद्राच्या नोंदी, विम्याच्या अटी आणि पिकांवरील रोगांच्या ओळखीचे. चाळीसगावला ‘लीलावती’तील उदाहरणांवरून व्यवहारगणिताचे. संगणक तिन्ही ठिकाणी असावा, पण मुलांनी तो तपासनिसाच्या भूमिकेतून हाताळावा. शुल्क नाममात्र असावे. अडचण पैशाची येणार नाही, शिकवणाऱ्यांची येईल. मोडी वाचणारे निवृत्त शिक्षक आणि कारकून, अंदाजाने माप सांगणारे दाणाबाजारातील हमाल-मापाडी, ठिबकचे पहिले संच स्वतः जोडलेले शेतकरी, रानभाज्या ओळखणाऱ्या वृद्धा यांची गावनिहाय यादी शाखांनी आणि समित्यांनी आधी करावी. यांतील पुष्कळजण वयाने थकलेले आहेत. ही यादी येत्या दिवाळीपूर्वी पूर्ण व्हावी.